‘सिंहगड’ (१९२३) : आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीतला मूकपट

गंगाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज सविस्तर लिहितो.

जुन्या नाशकातला आमचा वाडा यंदा उतरवायला काढला. भिंतींना टेकू देऊन दोन पावसाळे काढले, तिसरा निघणार नाही असं सगळ्यांचंच मत पडलं. दिवाळीनंतर माळा रिकामा केला. तांब्याचा बंब, घंगाळं, पाळण्याचे सुटे कठडे, आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत लाल खारव्याच्या बांधणीच्या लांबट वह्या. आजोबांचं भांडीबाजारात तांब्यापितळेचं दुकान होतं. चाळीस वर्षांचा जमाखर्च, सगळा मोडीत. मी मागे पंधरा दिवसांचा मोडीचा वर्ग केला होता, तेवढ्या भांडवलावर संध्याकाळी एकेक वही उघडून बसतो.

शके १८४५, पौष वद्य ५ या दिवसाखाली पत्र्याचा दर, हमाली, तेल, मीठ असं सगळं आहे, आणि मग ही ओळ :

सिंहगड सिनेमा, जणे ३, सहा आणे.
भेळभत्ता, एक आणा.

त्याच्या खाली, दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात कोंबून लिहिलंय : ‘शेलारमामा फार नामी. रात्र खरी रात्र दिसली. अक्का राहिली.’

चाळीस वर्षांच्या वह्यांत आजोबांनी आकड्यांशिवाय काही लिहिलेलं मला अजून तरी सापडलेलं नाही. माझ्या वडिलांचा जन्म झाला त्या दिवशी सुद्धा फक्त ‘सुईणीस लुगडे’ एवढंच आहे. त्या माणसानं एका सिनेमावर तीन वाक्यं लिहिली!

शके १८४५ चा पौष म्हणजे १९२४ चा जानेवारी. तेव्हा हा सिनेमा बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’च. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा, १९२३ सालचा मूकपट, हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून केलेला. खुद्द बाबूराव शिवाजी महाराज झाले होते. आणि आजोबांना आवडलेला तो ऐंशी वर्षांचा शेलारमामा म्हणजे व्ही. शांताराम! त्यांचा जन्म १९०१ सालचा, म्हणजे तेव्हा वय एकवीस-बावीस.

हा सिनेमा आज जगात कुठेही नाही. एक रीळ शिल्लक नाही. म्हणून इथे विचारतोय :

‘रात्र खरी रात्र दिसली’ म्हणजे काय? सिनेमात रात्र खोटी कशी दिसते?

आणि जणे ३ कोण? आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ हे दोन. अक्का म्हणजे आजोबांची विधवा बहीण, ती तर घरी राहिली असं लिहिलंय. मग तिसरं कोण?

आपल्यापैकी कोणाच्या घरी या सिनेमाची जाहिरात, पुस्तिका, एखादी आठवण, काहीही असेल तर कृपया लिहा.

सायखेडकर

वाचनखूण साठवली. सुईणीस लुगडे वाचून थांबलो. अशा वह्या रद्दीत जातात हो, तुम्ही वाचताय हे फार मोठं काम आहे.

निवृत्त ऑपरेटर

गंगाकाठ, तुमच्या आजोबांची नजर बारीक होती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो, कारण आयुष्यातली एकतीस वर्षं मी त्याच उजेडाशेजारी काढली आहेत.

त्या काळात आपल्याकडे सिनेमा उन्हात काढत. स्टुडिओ म्हणजे उघडं आवार, वर पांढरी कापडं ताणायची, ऊन फार कडक झालं की कापड ओढायचं, ढग आला की बाजूला सारायचं. फिल्म इतकी मंद होती की घरातल्या दिव्यावर तिच्यावर काही उमटतच नसे. मग रात्रीचा प्रसंग कसा दाखवायचा? तोही दिवसाच घ्यायचा आणि प्रिंट निळ्या रंगात बुडवायची. प्रेक्षक निळं दिसलं की रात्र समजायचे. पण माणसाच्या पायाखाली दुपारची सावली स्पष्ट पडलेली असे आणि हातात मशाल! भांड्यांवर उजेड कसा खेळतो हे रोज बघणाऱ्या तांबटाच्या डोळ्यांना ते खटकल्याशिवाय राहिलं नसणार.

‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला, आर्क दिवे लावून. आपल्याकडच्या सिनेमात हे पहिल्यांदा त्यांनी केलं असं मानतात. आणि गोष्टच अशी की रात्रीशिवाय ती होत नाही. माघ वद्य नवमीची रात्र. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो, तोवर मिट्ट काळोख. कडा चढायचा तो त्या काळोखात. तिथे निळं पाणी मारलेली दुपार दाखवली असती तर सगळी गोष्टच फुकट गेली असती.

आर्क म्हणजे काय ते सांगतो, कारण आता तो कुणी पाहिलेला नसतो. आमच्या प्रोजेक्टरमध्येही तोच असायचा. दोन कार्बनच्या कांड्या, वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या, जाड पेन्सिलीएवढ्या. त्यांची टोकं एकमेकांना टेकवून जराशी लांब केली की मधल्या फटीत पांढरा जाळ उभा राहतो. सूं असा बारीक आवाज सतत चालू असतो, आणि एक जळका, नाकात चढणारा वास. कांड्या जळत जातात तशी फट वाढते, म्हणून दर थोड्या वेळानं चाकी फिरवून त्या जवळ आणायच्या. हात जरा रेंगाळला की पडद्यावरचं चित्र आधी पिवळं पडतं, मग विझतं, आणि खालून शिट्ट्या. उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघितलं तर रात्रभर डोळ्यांत वाळू पडल्यासारखं होतं. काळ्या काचेतून बघायचं.

आता विचार करा. असा दिवा एका बाजूनं लावला की माणसाचा अर्धा चेहरा उजळतो आणि अर्धा काळोखात बुडतो. मागचं सगळं काळं. उन्हात हे कधीच होत नाही, ऊन सगळीकडून येतं. बाबूराव मूळचे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. काळोख कुठे सोडायचा हे त्यांना हातानं माहीत होतं. तुमच्या आजोबांनी पडद्यावर काळोख बघितला आणि घरी येऊन लिहून ठेवलं. मला तर हे वाचून गहिवरून आलं.

मीनल_कॉलेजरोड

काका, किती सुंदर समजावलंत. तुमच्या आठवणींचा वेगळा धागा काढा ना.

दिंडोरीचा दादा

‘सिंहगड’ मी पाहिलाय की! लहानपणी काकांनी नेलं होतं. जुना, काळापांढरा. गाणी पण होती.

निवृत्त ऑपरेटर

दादा, गाणी होती म्हणजे तो बोलपट. १९३३ चा, प्रभातचा. त्याच कादंबरीवरचा, आणि दिग्दर्शक कोण? व्ही. शांताराम. दहा वर्षांपूर्वी ज्यात दाढी लावून शेलारमामा झाले तीच गोष्ट त्यांनी पुन्हा स्वतः केली. नाव एकच असल्यानं पुष्कळांची गल्लत होते. मूकपट बघितलेलं माणूस आज हयात असणं कठीण.

पारोळेकर

मी मूळचा पारोळ्याचा, नोकरीमुळे नाशकात. हरिभाऊ आपटे आमच्या पारोळ्यात जन्मले, ८ मार्च १८६४. वाढले मुंबई-पुण्यात. ‘पण लक्षांत कोण घेतो’ लिहिणारा हा माणूस. ‘गड आला पण सिंह गेला’ १९०३ ची. हरिभाऊ ३ मार्च १९१९ ला गेले, म्हणजे आपल्या कादंबरीचा सिनेमा झालेला त्यांनी पाहिला नाही.

इथे एक मुद्दा मांडावासा वाटतो. आपण तानाजीची गोष्ट म्हणून जे सांगतो त्यातलं इतिहासातलं किती, पोवाड्यातलं किती आणि हरिभाऊंचं किती हे आपल्या डोक्यात पार एकजीव झालंय. रायबाचं लग्न, घोरपड, शेलारमामा हे तुळशीदास शाहिराच्या जुन्या पोवाड्यात आहे. सभासदाच्या बखरीत महाराज म्हणतात ते एक गड घेतला पण एक गड गेला अशा अर्थाचं आहे, तिथे सिंह नाही. आणि सिंहगड हे नाव तानाजीच्या बलिदानानंतर पडलं असं आपण शाळेत ऐकलं, पण १६७० च्या आधीच्या पत्रांत ते नाव सापडतं. सिंहाचं ते वाक्य महाराष्ट्राच्या तोंडी बसलं त्यात हरिभाऊंच्या कादंबरीचा वाटा फार मोठा. मग त्यावर मूकपट, त्यावर बोलपट.

हरिभाऊंनी स्वतःची जी मोठी भर घातली ती कमलकुमारीची. कादंबरी सुरू होते ती मावळात नाही, राजपुतान्यात. नवरा वारलेली तरुण कमलकुमारी सती जायला निघालेली आहे आणि उदयभानू तिला पळवून आणतो, पुढे कोंढाण्यावर आणून ठेवतो, तिच्याशी जबरदस्तीनं लग्न लावायचं म्हणतो. म्हणजे गड घेणं हे नुसतं गड घेणं राहत नाही, वर एक बाई अडकलेली आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी यावर नाकं मुरडली, आणि त्यांचं बरोबर आहे, पुराव्याला धरून ते नाही. पण कादंबरीकार म्हणून हरिभाऊंचा जीव कुठे गुंतलेला होता ते यातून दिसतं. विधवेचं दुःख त्यांनी आयुष्यभर लिहिलं. ऐतिहासिक कादंबरीतही ते त्यांच्या लेखणीतून सुटलं नाही.

अनघा जो.

पारोळेकर, नाकं मुरडण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. कमलकुमारीमुळे कथा पातळ झाली असं मला कादंबरी वाचताना वाटलं. तानाजी आणि रायबा एवढं पुरेसं होतं. मुलाचं लग्न टाकून निघालेला बाप, याहून मोठं काय हवं?

पारोळेकर

ताई, तुमचं म्हणणं समजतं. पण १९०३ ची वाचणारी बाई डोळ्यांसमोर आणा. तिला त्या कथेत शिरायला दुसरं दार कुठलं होतं? तलवार तिच्या हातात कुणी दिली नसती. कमलकुमारीच्या जागी ती स्वतःला ठेवू शकत होती.

सरदार_आनंदवल्ली

‘सिंहगड’ला इतकी गर्दी झाली की ती बघून सरकारनं करमणूक कर लावला, हे सगळीकडे वाचायला मिळतं. धाग्यात यायलाच हवं.

कायदेवाचक

वाचायला मिळतं हे खरं, पण जपून. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा १९२३ चाच आहे, त्यामुळे जोडी जुळते. पण बंगालमध्ये तो १९२२ लाच आला होता. महायुद्धानंतर प्रांतिक सरकारं पैशाच्या ओढीत होती आणि नाटक, सर्कस, घोड्यांच्या शर्यती, सिनेमा सगळ्यावरच हा कर होता. एका सिनेमाच्या गर्दीमुळे कायदा झाला हे मला पटत नाही. गर्दी प्रचंड झाली असणार, त्याबद्दल वाद नाही. लोकांनी त्या गर्दीची आठवण कराच्या गोष्टीत बांधून ठेवली.

त्र्यंबकरोड

आपल्या नाशकाची बाजूही इथे हवी. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे, जन्म ३० एप्रिल १८७०. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत काढला, पण पुढचं काम त्यांनी नाशकात आणलं, आणि १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी इथेच उभी राहिली. दादासाहेब गेलेही नाशकातच, १६ फेब्रुवारी १९४४ ला. म्हणजे गंगाकाठ यांचे आजोबा आणि अक्का ज्या गावात राहत होते तिथे सिनेमा ही लांबची नवलाई नव्हती. कृष्ण, राम, कालियानाग इथेच, याच गावच्या उन्हात, घडत होते. अशा प्रेक्षकाला कोल्हापूरच्या सिनेमातला फरक डोळ्यांत भरणार. पुराणातली माणसं सोडून आपल्याच मातीतला मावळा पडद्यावर, आणि तोही खऱ्या काळोखात.

अवांतर, पण सांगायला हवं : बाबूरावांनी कॅमेरासुद्धा कोल्हापुरातच स्वतः बनवला होता, १९१८ मध्ये. मूळ आडनाव मेस्त्री. घरचा धंदा हातकामाचा. दादासाहेबांचा कॅमेरा विलायतेहून आणलेला विल्यमसन. दोघांची जिद्द एकाच तोलाची.

मीनल_कॉलेजरोड

पण मग हे सगळं गेलं कुठे? शंभर वर्षं म्हणजे काही हजार वर्षं नाहीत. इतके सिनेमे एकदम नाहीसे कसे होतात?

निवृत्त ऑपरेटर

मीनल, थोडक्यात सांगतो. आपल्याकडे तेराशेच्या वर मूकपट निघाले. त्यातले पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून आज तीसच्या आतबाहेर उरलेत.

ती फिल्म नायट्रेटची. भयंकर ज्वालाग्राही. जळताना स्वतःच प्राणवायू सोडते, म्हणून पाण्यात बुडवली तरी विझत नाही. आणि नाही जळली तर सडते. आधी चित्र फिकट होतं, मग रीळ चिकट होऊन गुळाच्या ढेपेसारखं एकजीव होतं, आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. आपल्या हवेत हे लवकर होतं. सांभाळणारी संस्था, पुण्याचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय, निघाली १९६४ ला. बोलपट येऊन तेव्हा तेहेतीस वर्षं झाली होती. तोवर मूकपटाचं रीळ म्हणजे ज्याला कोणी विचारत नाही असं धोकादायक सामान.

तिथले पी. के. नायर या नाशकात येऊन फाळके कुटुंबीयांना भेटले होते, आणि दादासाहेबांचं आज जे काही आपण बघू शकतो त्यामागे त्यांची पायपीट आहे. ‘कालिया मर्दन’मधली छोटी मंदाकिनी, दादासाहेबांची मुलगी, कृष्ण होऊन पाण्यात नागाशी झुंजते ते आज बघता येतं. बाबूरावांच्या ‘सिंहगड’च्या नशिबी तसं कोणी वेळेवर आलं नाही. आणि जमा झालेलंही सगळं टिकलं नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात शेकडो चित्रपटांची रिळं गेली.

सराफबाजार

मी धागा पहिल्यापासून वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं. लिहितो.

आमची पिढीजात चांदीची आटणी. फिल्मवर जे चित्र असतं ते चांदीचं असतं, हे इथे कुणी लिहिलं नाही. आमचे आजोबा जुनी फिल्म वजनावर घ्यायचे. पुढे दवाखान्यातली एक्स-रेची फिल्म जास्त यायची, पण आधी सिनेमाची पण येत असे. गरम पाण्यात कॉस्टिक घालून फिल्म बुडवायची, वरचा थर सुटून काळा गाळ खाली बसतो. गाळ फडक्यावर काढायचा, वाळवायचा, मुशीत टांकणखार टाकून भट्टीला लावायचा. तळाशी चांदीचा मणी जमतो. पारदर्शक पट्टी उरते तिला पण गिऱ्हाईक असायचं.

मला आठवतं, मी सात-आठ वर्षांचा असेन. अंगणात बादलीभर पट्ट्या होत्या आणि एक मी उजेडाला धरून बघितली होती. फेटा बांधलेला एक माणूस, तोच माणूस, पुन्हा तोच माणूस, हात जरा जरा वर होत चाललेला. आजोबांनी हाक मारली म्हणून पट्टी परत बादलीत टाकली. कुठला सिनेमा, कोणता नट, काही माहिती नाही.

आमच्या घरानं कुणाचं वाईट केलं असं मला म्हणायचं नाही. ते पोट होतं, आणि विकणारे स्वतः आणून देत होते. पण आज हे वाचल्यापासून तो हात वर होत चाललेला माणूस डोळ्यांपुढून हलत नाही.

सायखेडकर

सराफबाजार दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत.

त्र्यंबकरोड

आशा अगदीच सोडू नये. १९१९ चा ‘बिल्वमंगल’ गेला म्हणून सगळे गप्प बसले होते, त्याचा काही भाग पॅरिसच्या सिनेमाथेकमध्ये निघाला आणि २०१६ मध्ये पुण्याला आला. कुठल्या गावच्या कुठल्या माळ्यावर काय असेल सांगता येत नाही. नाशिककरांनो, गोल चपटा पत्र्याचा डबा दिसला तर भंगारात देऊ नका. उन्हात उघडू नका, काडी-विडी जवळ नेऊ नका, रीळ जबरदस्तीनं सोडवू नका. घराबाहेर, सावलीत, थंड जागी ठेवा आणि पुण्याच्या फिल्म संग्रहालयाला कळवा.

मोडीची गोडी

गंगाकाठ, तुम्ही मला व्यक्तिगत निरोपात पानाचा फोटो पाठवलात त्याबद्दल आभार. काल रात्री मोठा करून तासभर बघितला. सांगतो.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ एकच, शब्द तोडलेले नसतात, आणि तुमचे आजोबा बोरूला उसंत न देता ओढणारे. त्यात ही ओळ बारीक आणि शाई फुटलेली. पहिली दोन वाक्यं तुम्ही बरोबर वाचली आहेत. तिसऱ्यात मात्र चूक झाली. ‘राहिली’ नाही. र नंतर काना नाहीच, जो तुम्हाला काना वाटला ती वरच्या ओळीतल्या आण्याच्या खुणेची शेपटी खाली आली आहे. मधलं अक्षर ‘ड’ आहे. त्याच पानावर वर ‘कापड’ लिहिलंय, त्याच्या ‘ड’शी ताडून बघा, एकच वळण.

‘अक्का रडली.’

तुमची तिसरी व्यक्ती सापडली.

अनघा जो.

अंगावर काटा आला.

पारोळेकर

१९२४ ची जानेवारी. विधवा बहिणीला घेऊन दोघे भाऊ सिनेमाला गेले. या गावात, त्या काळात.

गंगाकाठ

मंडळी, चार दिवस काही लिहू शकलो नाही, माफ करा. मोडीची गोडी, तुमचे उपकार कसे फेडू? मी सकाळी वही घेऊन बसलो, ‘कापड’चा ‘ड’ बघितला, आणि मग दुसरं काही दिसेचना.

काल पंचवटीत आत्याकडे गेलो. आत्या सत्त्याऐंशीची आहे. कानानं कमी ऐकते, बाकी खणखणीत. तिला ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘अरे, अक्कानंच आम्हाला तो सिनेमा दाखवला.’ मला वाटलं वयामुळे घोटाळा होतोय, हिच्या जन्माआधीची गोष्ट. पण तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत देण्याचा प्रयत्न करतो.

अक्का चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. लाल आलवण, सोवळं, स्वयंपाकघर. लिहायला-वाचायला आजोबांनी घरी शिकवलं. उन्हाळ्यात सगळी भावंडं वाड्याच्या गच्चीवर झोपायची, तेव्हा अक्का कंदील घेऊन वर यायची. पोरांना समोर बसवायची आणि कंदिलाची वात बारीक, बारीक, अगदी बारीक करायची. मग म्हणायची, ‘आता रात्र झाली. बोलायचं नाही, या सिनेमात कोणी बोलत नाही.’ आणि गोष्ट हातांनी सांगायची. कडा चढणारा माणूस म्हणजे तिची दोन बोटं, कठड्यावरून वर सरकत जाणारी. वर पोचली की एकदम वात मोठी करून कंदील गालाशी एका बाजूला धरायची. आत्या म्हणाली, अक्काचा अर्धाच चेहरा दिसायचा, आम्ही घाबरून एकमेकांना धरायचो. शेलारमामाच्या वेळी पदर हनुवटीखाली धरून दाढी करायची. दोर कापायच्या वेळी मात्र तोंडानं आवाज काढायची, कच्च! तेवढाच एक आवाज.

मी विचारलं, अक्का रडली कशाला असेल? आत्या म्हणाली ते तिनं कधी सांगितलं नाही. पण गोष्टीत एक बाई होती, पांढऱ्या कपड्यातली, गडावर कोंडलेली. तिच्या वेळी अक्का काहीच करायची नाही, नुसती बसून राहायची, आणि पोरं पुढचं सांग म्हणून घाई करायची. आता ती बाई अक्कानं पडद्यावर बघितलेली की नंतर पुस्तकात वाचलेली, ते कसं ठरवणार?

पुस्तकात म्हणतोय कारण घरी आल्यावर त्याच वहीची पुढची पानं बघितली. पौष वद्य ११ ला, सिनेमानंतर सहाव्या दिवशी, नोंद आहे : ‘अक्कास कादंबरी, गड आला.’ रक्कम शाईच्या डागाखाली गेली आहे. आत्याला फोन केला. ती म्हणाली, होतं ना ते पुस्तक, एकोणसत्तरच्या पुरात खालच्या खोलीतलं सगळं गेलं त्यात गेलं. तोवर अक्काही गेली होती.

निवृत्त ऑपरेटर

गालाशी एका बाजूला कंदील. बाबूरावांचा दिवा जिथे होता बरोबर तिथे. गंगाकाठ, आत्याबाईंना विचारा, कंदील डाव्या बाजूला की उजव्या?

गंगाकाठ

विचारलं. उजव्या. आणि म्हणाली, ‘मला येतं करून दाखवता, त्यात काय.’

मीनल_कॉलेजरोड

काका, प्लीज हे रेकॉर्ड करू या. माझ्याकडे चांगला कॅमेरा आहे, अंधारात काढतो. रविवारी संध्याकाळी चालेल का? आत्याआजींना त्रास होणार नसेल तर.

गंगाकाठ

चालेल. सात वाजता, दिवेलागणीनंतर. पंचवटीचा पत्ता निरोपात देतो. कंदील आमच्या माळ्यावरचा आहे, काच तेवढी नवी आणावी लागेल.

सराफबाजार

काच मी आणतो. आमच्या दुकानामागे जुन्या कंदिलांचं सामान विकणारा अजून एक जण आहे. माप सांगा.